मैत्रिणींचा अर्धा दर बंद करताना

विचारणाऱ्या ताई सोलापुरात होटगी रोडला लहानसं पार्लर चालवतात. त्याआधी नऊ वर्षं त्या शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होत्या. नोकरीत असतानाच ब्यूटिशियनचा कोर्स केला, वर्षभर दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये हात बसवला आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःचं सुरू केलं. तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून कारखान्यातल्या बायका, कॉलेजच्या मैत्रिणी आणि जुन्या पार्लरमधल्या मुली, सगळ्यांना त्यांनी ‘तुमच्यासाठी अर्धा दर’ सांगितला. आज अशा बावीस जणी आहेत आणि शनिवार-रविवार त्यांच्यातच जातो. हाताखाली एक मुलगी आहे, पार्लरचं कर्ज आहे. त्या विचारतात, ‘नाती न दुखावता हे बंद कसं करू? आणि कारखान्यातल्या ज्या मॅडमनी मला खुर्च्या घ्यायला बिनव्याजी ४० हजार दिले, त्यातले १५ हजार अजून द्यायचेत, त्यांचं काय करू?’

ताई, मी सोलापुरात २६ वर्षं हेच काम करतेय. हा अर्धा दर मीही लावला होता आणि तो बंद करताना पहिल्यांदा माझं चुकलंही होतं. म्हणून जे सांगतेय ते पोळलेल्या हाताने सांगतेय असं समजा.

आधी उत्तर देते, मग कारणं. बंद करा. सगळ्यांचा एकाच तारखेला बंद करा. दीड-दोन महिने आधी सांगून बंद करा. मॅडमचा विषय मात्र या बावीस जणींत मिसळू नका, त्याकडे शेवटी येते.

आता एकदा वही काढून बसा. आपण बायका पार्लर चालवतो, पण एका फेशियलला आपल्याला किती पडतं हे बहुतेक जणींनी कधी मांडलेलंच नसतं. मी एका लहान पार्लरचे आकडे धरते, तुम्ही तुमचे घाला. साधं फ्रूट फेशियल ७०० रुपयांना आहे. क्रीम, पॅक, कापूस, डिस्पोजेबल चादर, हेडबँड असं धरून मालाचे ११० रुपये. मुलीचा पगार महिना ९,०००, म्हणजे २६ दिवस आठ तासांनी ताशी ४३ रुपये. फेशियलला मांडामांड आणि आवराआवर धरून सव्वा तास जातो, ते ५४ झाले. भाडं १२,०००, वीज ४,०००, पाणी आणि साफसफाई २,०००, असे १८,०००. दिवसाला खुर्ची खरोखर भरलेली असते सहाच तास, म्हणजे महिन्याला १५६ तास. तासाला ११५ रुपये, सव्वा तासाला १४४. सगळं मिळून ३०८ रुपये.

अर्ध्या दराने तुम्ही घेता ३५०. उरले ४२. त्या ४२ रुपयांत तुमचा सव्वा तास, तुमचं शिक्षण, कर्जाचा हप्ता आणि घरचं सगळं बसवायचं. पूर्ण दराने उरतात ३९२. म्हणजे एका पूर्ण फेशियलमागे जे हातात पडतं, त्यासाठी अर्ध्या दराची नऊ फेशियल करूनही थोडं कमीच पडेल. आणि हे मंगळवारी दुपारी होत नाही, रविवारी सकाळी होतं. त्याच वेळी बाहेरची बाई ‘आज जागा नाही का?’ म्हणून परत जाते. बावीस जणी महिन्यातून एकदा आल्या आणि प्रत्येकीचं पूर्ण दराने सरासरी ६०० रुपयांचं काम झालं, तरी तुम्ही महिन्याला ६,६०० रुपये सोडून देताय. तुमच्या मुलीच्या पगाराचा जवळजवळ पाऊण भाग आहे हा.

पाण्याचं मुद्दाम वेगळं धरलं. उजनी धरणाचं पाणी असूनही आपल्याकडे नळाला ते काही दिवसांआड येतं, आणि पेडिक्युअर, हेअर स्पा, स्मूदनिंग ही सगळी पाण्याची कामं. टँकर मागवला की पैसे मोजावे लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर गेला की एसी बंद ठेवता येत नाही, घामावर मेकअप बसत नाही. हे खर्च मैत्रिणीला दिसत नाहीत. तिला दिसतो फक्त तुमचा हात आणि क्रीमची डबी.

पण मला यापेक्षा जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. अर्ध्या दराच्या बाईला आपण नकळत अर्धं काम द्यायला लागतो. ठरवून कोणी करत नाही. मी एकदा शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाईचं फेशियल करत होते आणि माझा हात आपोआप खालच्या कप्प्यातल्या स्वस्त क्रीमकडे गेला. मसाज वीस मिनिटांचा, मी बारा मिनिटांत आटोपला, कारण बाहेर पूर्ण पैसे देणारी एक नवरी बसली होती. त्या बाईंना काही कळलं नाही, त्या खूश होऊन गेल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकणारीलाच मी सगळ्यात कमी देत होते. त्या दिवशी मी ठरवलं की हे थांबवायचं. पैशासाठी थांबवायचं हे नंतर सुचलं.

आणि तुमच्या हाताखालच्या मुलीचाही विचार करा. तिला बिलावर कमिशन देत असाल तर अर्ध्या बिलाला तिचंही कमिशन अर्धं होतं, काम मात्र तेवढंच. मैत्री तुमची, आणि त्यातला वाटा ती भरते. तिला कोणी विचारलेलं नसतं.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती टाळाल. पार्लरआधी मी एका खासगी शाळेत क्लार्क होते. तिथल्या सतरा जणी माझ्याकडे अर्ध्या दराने यायच्या. सगळ्यांना एकदम सांगायला मला धीर झाला नाही. म्हणून ज्यांना चालेल असं मला वाटलं, अशा तिघींचा दर मी गुपचूप वाढवला, तोही काम झाल्यावर, पैसे घेताना. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सगळ्या एका घरी जमल्या. ‘तुझे किती घेतले?’ निघालंच. एकीने ५०० दिले होते, शेजारी बसलेलीने ३००. जिने ५०० दिले ती माझी सगळ्यात जवळची. तिला दोनशे रुपयांचं काही नव्हतं. ‘मी काही बोलणार नाही म्हणून माझ्याकडूनच घेतलेस’, एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं. ती आजही माझ्याकडे येत नाही. रस्त्यात भेटली की बोलते, पण येत नाही.

म्हणून म्हणते, सगळ्यांचा एकाच तारखेला, आणि खुर्चीत बसण्याआधी कळलेलं असलं पाहिजे. काम झाल्यावर वाढीव दर सांगणं म्हणजे समोरच्या बाईला कोंडीत पकडणं आहे.

तारीख कोणती? गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आसपास हा विषय काढूच नका. भोगीला अक्षता सोहळा, मग संक्रांत, मग हळदीकुंकू, त्या दिवसांत पार्लरमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो आणि अर्धवट ऐकलेली गोष्ट घरोघर फिरते. रथसप्तमी झाली, हळदीकुंकू संपलं की सांगायला सुरुवात करा, आणि नवा दर लावा पाडव्यानंतरच्या दिवसापासून. मधे साधारण सात आठवडे मिळतात. एवढे का लागतात, तर थ्रेडिंगची बाई तीन आठवड्यांनी येते, फेशियलची महिन्याने, केसांच्या मुळाला रंग लावणारी पाच-सहा आठवड्यांनी. म्हणजे तारीख उजाडायच्या आत बावीसपैकी जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी तुमच्यासमोर येऊन जाते, आणि तुम्हाला तोंडाने सांगता येतं. शिवाय मराठी घरात पाडवा, तेलुगू घरात उगादी, कानडी घरात युगादी, एकाच दिवशी. आपल्या गिऱ्हाइकांत ही तिन्ही घरं असतात. नव्या वर्षाचा नवा दर म्हटलं की कोणालाही वेगळं समजवावं लागत नाही.

ज्यांचं लग्नाचं बुकिंग जुन्या दराने घेतलंय आणि अॅडव्हान्स घेतलाय, ते काम पाडव्यानंतर पडलं तरी जुन्याच दराने करा. बोललेला शब्द आहे तो.

आजपासून एक काम मात्र सुरू करा. प्रत्येक बिलावर आधी पूर्ण दर लिहा, खाली वजा सूट, मग घेतलेली रक्कम. आणि दरपत्रक भिंतीवर लावा, आरशाशेजारी, दिसेल असं. तुमच्या निम्म्या मैत्रिणींना तुमचा खरा दरच ठाऊक नसेल याची मला खात्री आहे. तीन वर्षं ज्या बाईने थ्रेडिंगचे २५ रुपये दिले, तिच्या दृष्टीने थ्रेडिंग २५ रुपयांचंच असतं. ५० मागितले की तिला सूट गेली असं वाटत नाही, दुप्पट केले असं वाटतं. सात आठवडे ती बिलावर ५० वाचत राहिली की मग धक्का बसत नाही.

बोलायचं कसं, यावर तुम्ही सगळ्यात जास्त अडला असाल. मैत्रिणीला असं सांगा, समोर किंवा फोनवर, आणि मग तेच व्हॉट्सअॅपवर एकेकीला वेगळं पाठवा, ग्रुपवर टाकू नका:

‘अगं, एक सांगायचं होतं. पार्लर सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यापासून तू आलीस, ते माझ्या लक्षात आहे. तेव्हा लावलेला अर्धा दर आता पाडव्यानंतर सगळ्यांसाठीच बंद करतेय. पुढे दरपत्रकातला दर राहील. पाडव्यापर्यंत जुनाच दर आहे, हवं तर तेवढ्यात एक दिवस ठरवून ये.’

कारखान्यातल्या ज्या वयाने मोठ्या आहेत त्यांना अर्थात ‘तुम्ही’ म्हणून, आणि शक्यतो आधी फोन. मेसेज आधी गेला तर मोठ्या बायकांना ते लागतं.

यात काय नाही ते बघा. ‘सॉरी’ नाही. महागाईचं रडगाणं नाही. आणि ‘घरचे ओरडतात’ हे तर अजिबात नाही. आपल्याकडे ही पळवाट फार सोपी वाटते, नवऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं. पण समोरची म्हणते, ‘थांब, भाऊजींशी मीच बोलते’, आणि मग तुम्ही अडकता. शिवाय धंदा तुमचा आहे. दर तुम्ही ठरवलाय असंच सगळ्यांना कळू द्या.

उत्तरं येतील, त्यांची तयारी ठेवा. ‘आम्हीच तर तुला उभं केलं की गं’ असं एखादी म्हणेलच. ते खरं आहे, मान्य करा. ‘हो, तुम्ही होता म्हणून पहिलं वर्ष निघालं’ एवढं म्हणा आणि थांबा. पुढे ‘पण’ लावू नका. उपकार मानायचे आणि दर सांगायचा, दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत. ‘निदान शंभर तरी कमी कर’ म्हणणारी भेटेल; तिथे हात सैल सोडलात तर आठवडाभरात बावीस जणींना कळेल. ‘मग मी पलीकडच्या पार्लरला जाते’ म्हटलं तर मनापासून म्हणा, ‘जा की, आणि कधीही ये.’ तिला ओढून धरायचं नाही आणि टोमणाही मारायचा नाही.

जीएसटीचाही प्रश्न येईल, हल्ली येतोच. पार्लरच्या सेवांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ते पेपरात वाचून बायका विचारतात, ‘कर कमी झाला, मग तुझा दर कसा वाढला?’ तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी केली नसेल, तर तुम्ही गिऱ्हाइकाकडून हा कर आधीही घेत नव्हता, आताही घेत नाही. शाम्पू, केसांचं तेल स्वस्त झालं हे खरं, पण क्रीम, पॅक, लिपस्टिक यांवर अजून १८ टक्के भरूनच आपण माल आणतो, आणि तो कर आपल्याला परत मिळत नाही. एवढं शांतपणे सांगितलं की पटतं.

जुन्या पार्लरमधल्या मुलींचं मात्र वेगळं बघा. त्या आपल्याच धंद्यातल्या. शेतकऱ्यांत जसा पैरा असतो, आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी, तसं आपल्यात जुनं चालत आलंय. मी तिचे केस करायचे, तिने माझं फेशियल. हे चालू ठेवायला हरकत नाही, पण पैसे मधे आणू नका आणि रविवार देऊ नका. मंगळवार-बुधवारची रिकामी दुपार, माल जिचा तिचा, आणि वहीत दोन्ही बाजूंची नोंद. जिच्याकडून वर्षभरात तुमचं एकही काम झालं नाही, तिच्याशी तुमचा पैरा नाहीच, ती गिऱ्हाईक आहे.

आणि हे जरा मनाला विचारून बघा. लग्नसराईत मोठं काम आलं की तुम्ही याच मुलींना मदतीला बोलावता ना? पहाटे चारला उठून, अंबाड्याला, साडी नेसवायला. त्यांना किती देता? ‘आपलीच आहे’ म्हणून कमी देत असाल, तर तेही त्याच पाडव्याला थांबवा. बाहेरच्या मुलीला जे द्यावं लागलं असतं तेच तिलाही द्या, काम संपल्यावर लगेच. स्वतःची सूट बंद करायची आणि तिच्याकडून सूट घेत राहायचं, हे मला पटत नाही, आणि त्या मुली हे बरोबर लक्षात ठेवतात.

मग जवळच्या माणसांसाठी काहीच करायचं नाही का? करा ना. पण करायचं तेव्हा पूर्ण करा. मैत्रिणीचा वाढदिवस आहे, तिच्या मुलीचं बाळंतपण झालंय, कोणाच्या घरी दुःख होऊन गेलंय आणि ती महिनाभर आरशातही बघितलेली नाही, तिला बोलवा आणि एक रुपया न घेता करा, चांगल्यातली क्रीम काढून, पूर्ण वीस मिनिटं मसाज करून. तुम्हाला ते ३०८ रुपयांना पडेल. महिन्याला असं एक किंवा दोन, एवढं आधीच ठरवून ठेवा आणि वहीत खर्चात लिहा. असं दिलेलं त्या बाईच्या लक्षात राहतं. अर्ध्या दराचं कोणाच्याच लक्षात राहत नाही, कारण तो तिचा हक्क झालेला असतो.

खरंच पैशाची ओढाताण असलेल्याही एक-दोघी असतील तुमच्या बावीसमध्ये. कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायका असतील, पगार बेताचा. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातली दुपार मोकळी करा. मंगळवार ते गुरुवार, बारा ते चार, वीस टक्के कमी, आणि ते सगळ्यांनाच, ओळखीची असो-नसो. आपल्या उन्हात त्या वेळी तशीही खुर्ची रिकामी असते. ७००चं फेशियल ५६०ला केलंत तरी २५२ उरतात. आणि त्या बाईला ओळखीवर काही मागावं लागत नाही, भिंतीवरची पाटी वाचून ती येऊ शकते. नोकरीमुळे दुपारी येता येत नसेल तर तिच्या सुट्टीच्या वाराला तीच वेळ द्या, पण तीही पाटीवर लिहून.

काही जणी जातील. दुसऱ्या खेपेला मी नीट सांगून केलं तेव्हा उरलेल्या चौदा जणींतल्या नऊ राहिल्या, तीन जणी क्वचित यायला लागल्या, दोघी गेल्या. पहिले तीन-चार रविवार मोकळे गेले आणि मी फार घाबरले. एकदा तर फोन उचलून जुनाच दर सांगणार होते. मग त्या जागांवर बाहेरची गिऱ्हाइकं बसायला लागली. तुमच्याकडे रविवारी बायका परत जातात म्हणजे त्या आहेतच. परत गेलेल्यांचे नंबर मुलीला आजपासून लिहून ठेवायला सांगा, पाडव्यानंतरच्या आठवड्यात त्यांना फोन करता येतील.

आता मॅडम. त्यांनी दिलेले ४० हजार ही मदत आहे, आणि त्यांचा अर्धा दर हे त्या मदतीचं न बोललेलं व्याज झालंय. तुम्हालाही ते तसंच वाटतंय, म्हणून तर तुम्ही त्यांचं वेगळं विचारलंत. त्यांना कदाचित तसं वाटतही नसेल. पण जोवर १५ हजार बाकी आहेत तोवर त्यांच्याशी दराचं बोलायला तुमची जीभ उचलणार नाही, आणि उचलूही नये. पाडव्यापर्यंत ते फेडता आले तर बघा. सूट बंद झाल्यावर महिन्याला जे सहा-साडेसहा हजार सुटतील, त्यातून तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत फिटतील. तोवर त्यांचा जुना दर तसाच ठेवा, आणि इतर कोणी विचारलं तर सांगा, ‘त्यांचं माझ्याकडे देणं आहे, ते फिटेपर्यंत.’ यात लपवण्यासारखं काही नाही.

बाकी कोणालाही सांगायच्या आधी मात्र त्यांच्या घरी जाऊन या. फोनवर नको. इतर सगळ्यांचा दर बंद होतोय हे त्यांना तुमच्या तोंडून पहिल्यांदा कळू दे, कारखान्यातल्या डब्याच्या सुट्टीत दुसऱ्या कोणाकडून नको. आणि जाताना हातात पाच हजार तरी घेऊन जा. आधी पैसे त्यांच्या हातात द्या, वहीत सही घ्या, मग चहा होऊ दे, दराचं बोलणं त्यानंतर.